चौतिसाचा दहावा भाग

पीयूसीला, म्हणजे आमच्या कर्नाटकातल्या अकरावी-बारावीला, जीवशास्त्र शिकवायला लागून मला सोळा वर्षं झाली. एवढ्या काळात लॅक ऑपेरॉनची, म्हणजे दुधातली साखर लॅक्टोज वापरण्यासाठी जीवाणूत असलेल्या जनुकांच्या रांगेची, आकृती फळ्यावर किती वेळा काढली असेल, देव जाणे. आय, पी, ओ, झेड, वाय, ए अशी अक्षरं ओळीनं, खाली बाण, बाणाखाली प्रथिनं. पोरं पाठ करतात, मीही न बघता काढते. ती आकृती मला कधी समजलीच नव्हती, हे कळायला गेला मे महिना उजाडावा लागला.

सुट्टीत बेळगावात विद्यापीठात दहा दिवसांचा वर्ग होता. विषय सिस्टिम्स बायॉलॉजी. मराठीत प्रणाली जीवशास्त्र म्हणता येईल, पण तिथं कुणी म्हणालं नाही, त्यामुळं मीही म्हणत नाही. आमच्या लेक्चरर लोकांच्या ग्रुपवर पत्रक आलं होतं. त्यात एक वाक्य होतं, 'गणिताची फारशी आवश्यकता नाही'. त्या वाक्याला भुलून मी पैसे भरले. मी सीबीझेडवाली. पीयूसीत गणित कसंबसं काढलं आणि डिग्रीला रसायन, वनस्पती, प्राणी घेतलं ते गणिताचं तोंड पुन्हा बघायला नको म्हणूनच. पत्रक लिहिणाऱ्याच्या मनात 'फारशी'चा अर्थ काय होता ते त्यालाच ठाऊक. पहिल्याच दिवशी दुपारी फळ्यावर डीएक्स बाय डीटी येऊन उभं राहिलं.

मी खानापूरहून रोज जाऊन-येऊन करत होते. सकाळी आठची लाल बस. 'शक्ती' योजनेत बायकांना प्रवास फुकट झाल्यापासून आधार कार्ड दाखवलं की कंडक्टर शून्य रुपयाचं तिकीट फाडून देतो, आणि पुरुष मंडळी खिडकीकडं बघत पुटपुटत राहतात. देसूर, मच्छे, पिरनवाडी, उद्यमबाग. उद्यमबागेत कारखान्यातली माणसं उतरली की बसायला जागा मिळायची, तोवर माझं उतरायचं ठिकाण आलेलं असायचं. त्या उभ्या प्रवासात मी मुलाच्या जुन्या वहीतून लॉगॅरिदम वाचत होते. शेजारची एक बाई म्हणाली, "परीक्षा हाय काय तुमची?" मी म्हटलं, होय की.

वर्गात आम्ही तिसेक जण. माझ्यासारखे पीयूसीचे चार-पाच, एमएस्सीची पोरं, दोन इंजिनिअर, एक दाताचे डॉक्टर, निपाणीच्या एक फार्मासिस्ट मॅडम. शिकवणारे सर मूळ धारवाडकडचे. शिकवायचे इंग्रजीत, विनोद करायचे कन्नडमध्ये, आणि आमची तोंडं कोरी दिसली की 'हे मराठीत सांगतो बघा' म्हणून त्यांच्या धारवाडी मराठीत सांगायचे. खरी समजूत त्या तिसऱ्या फेरीत पटायची. माझा जोडीदार म्हणून बैलहोंगलचा एक इंजिनिअर पोरगा मिळाला. त्याला जीवशास्त्र येत नव्हतं, मला गणित. पहिला दिवस 'मॅडम' म्हणाला, दुसऱ्या दिवसापासून 'अक्का'. मी फळ्यावरून घाईघाईनं उतरवायला लागले की हळूच म्हणायचा, "अक्का, निधान, निधान." कन्नडमध्ये निधान म्हणजे सावकाश.

सुरुवात सरांनी मागापासून केली. वर्गात वडगावचा एक मुलगा होता, घरी पॉवरलूम. त्याला विचारलं, तुझ्या मागाचे सगळे भाग सोडवले, एकेकाची नावं लिहून यादी केली, तर यादी वाचून साडी कशी विणली जाते ते कळेल काय? तो म्हणाला, "यादी असली म्हणून काय झालं सर, कुठला भाग कधी हालतोय ते कळाय पायजे की." सर म्हणाले, झालं, माझं पहिलं लेक्चर यानं संपवलं. माणसाच्या जीनोमचा प्रकल्प २००३ साली पुरा झाला आणि प्रथिनं बनवणारी वीसेक हजार जनुकं, म्हणजे यादी, हाताशी आली. 'कधी हालतोय' हा प्रश्न मात्र त्याच्या कितीतरी आधीचा. डेनिस नोबल यांनी हृदयातल्या पेशीची धडधड समीकरणांत बसवली ती १९६० साली.

दुसऱ्या दिवशी सरांनी पिशवीभर चिंचोके आणले. नुकताच चिंचेचा मोसम संपलेला, काही चिंचोक्यांना अजून गर चिकटलेला होता. प्रत्येक जोडीला एक वाडगा. नियम दोनच. दर फेरीला आधी वाडग्यात असतील त्यांचा दहावा भाग काढायचा, मग दहा टाकायचे. लिहून ठेवायचं. वाडगा म्हणजे पेशी, चिंचोके म्हणजे एका जातीच्या प्रथिनाचे रेणू.

पहिल्या फेरीला दहा. मग एक काढला, दहा टाकले, एकोणीस. मग दोन काढले, सत्तावीस. मग तीन काढले, चौतीस. इथं आमचं पहिलं भांडण झालं, त्याबद्दल पुढं सांगते. तीन धरून आम्ही पुढं गेलो. एक्केचाळीस, सत्तेचाळीस, बावन्न. वाढ हळूहळू मंदावत गेली आणि शंभराच्या आसपास येऊन थांबली, कारण शंभराचा दहावा भाग दहा, जेवढे आत तेवढे बाहेर. हे मला आधीच दिसलं होतं, त्यामुळं मी जरा खुशीत होते.

मग सरांनी अर्ध्या वर्गाला सांगितलं, आता दहाऐवजी वीस टाका. त्याआधी कागदावर अंदाज लिहा. दहावाले शंभराच्या निम्म्याला, म्हणजे पन्नासला, सातव्या फेरीत पोचले. वीसवाले त्यांच्या शेवटच्या आकड्याच्या निम्म्याला कितव्या फेरीत पोचतील? मी लिहिलं, चौथ्या. दुप्पट टाकतोय म्हटल्यावर निम्मा वेळ, यात विचार कसला करायचा! वर्गातल्या बहुतेकांनी असंच काहीतरी लिहिलं होतं. आम्ही टाकत गेलो. वीस, अडतीस, चौपन्न, एकोणसत्तर, ब्याऐंशी, चौऱ्याण्णव, एकशे पाच. वीसवाल्यांचा मुक्काम दोनशेला, त्याचं निम्मं शंभर, आणि शंभर ओलांडले ते सातव्याच फेरीत.

मी परत मोजलं. जोडीदारानं माझ्याकडं बघितलं आणि हसून बाजूला झाला. त्याला ते समीकरणात आधीच दिसलं असणार, पण बोलला नव्हता. मग सरांनी तिसरा डाव मांडला. टाकायचे दहाच, पण काढायचा पाचवा भाग. दहा, अठरा, चोवीस, एकोणतीस. हा वाडगा पन्नासलाच थांबतो, आणि त्याचं निम्मं चौथ्या फेरीतच पार झालं.

म्हणजे किती टाकता यावर कुठं पोचणार ते ठरतं. किती लवकर पोचणार, हे ठरतं काढण्याच्या प्रमाणावर. टाकण्याचा आणि घाईचा काही संबंधच नाही. फळ्यावर सरांनी तेच लिहिलं: पातळीतला बदल म्हणजे भर, वजा क्षयाचा दर गुणिले पातळी. भर म्हणजे बीटा, क्षयाचा दर म्हणजे अल्फा. आदल्या दिवशी ज्या डीएक्स बाय डीटीनं माझी झोप उडवली होती ते हेच होतं. मी सोळा वर्षं शिकवत आले ते सगळं बनवण्याबद्दल. जनुकाची नक्कल, म्हणजे प्रतिलेखन, कसं होतं, नकलेवरून प्रथिन, म्हणजे भाषांतर, कसं होतं, त्यात रायबोसोम काय करतो. बनलेलं जातं कुठं, किती वेगानं जातं, याला आमच्या पुस्तकात जागाच नाही, आणि मलाही कधी विचारावंसं वाटलं नव्हतं.

एका इंजिनिअरनं हात वर केला. सर, म्हणजे हे भोकाच्या पिंपासारखं. वर नळ चालू, खाली गळती. सर म्हणाले, जवळजवळ, पण पिंपातलं पाणी उंचीच्या प्रमाणात नाही जात, उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात जातं, तुम्ही इंजिनिअर आहात, तुम्हीच सांगायला पाहिजे होतं. आमच्या बाजूला हशा पिकला. त्यापेक्षा औषधाचं उदाहरण घ्या, सर म्हणाले. पोटात गोळी रोज सारखीच जाते, आणि शरीर रक्तात असेल त्याचा ठरावीक भाग रोज बाहेर टाकतं. बहुतेक औषधांचं असंच असतं.

गोळी म्हटल्यावर मी चपापले.

मला थायरॉइडचा त्रास आहे. दोन वर्षांपूर्वी पन्नासची गोळी पंचाहत्तरची केली तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, सहा आठवड्यांनी रक्त तपासून या. मला दम निघाला नाही. दहाव्या दिवशीच मी लॅबमध्ये जाऊन रक्त दिलं, टीएसएच फारसा हललेला नव्हता, ते कागद घेऊन घाबरून दवाखान्यात गेले आणि बोलणी खाऊन आले. 'पैसे जास्त झालेत काय तुमच्याकडं?' असं काहीसं. सहा आठवडे का, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

मधल्या सुट्टीत निपाणीच्या मॅडमना गाठलं. त्या म्हणाल्या, या गोळीचा अर्धा भाग रक्तातून जायला साधारण सात दिवस लागतात. थायरॉइड फारच मंद असेल तर त्याहून जास्त. त्या रात्री जेवणं झाल्यावर मुलाची वही घेऊन बसले. गोळी वाढवली की नव्या पातळीकडच्या वाटेचं एका आठवड्यात निम्मं अंतर. दुसऱ्या आठवड्यात उरलेल्याचं निम्मं, म्हणजे पाऊण. मग साडेसत्त्याऐंशी टक्के, मग चौऱ्याण्णवच्या जवळ, पाचव्याला सत्त्याण्णव, सहाव्याला अठ्ठ्याण्णवच्या वर. सहा आठवडे! माझ्या दहाव्या दिवशीच्या रक्तात पुरता दोन-तृतीयांश बदलही झालेला नव्हता, आणि मेंदूखालची पीयूष ग्रंथी, जी टीएसएच सोडते, ती तर त्याच्याही मागून चालणार. नवरा टीव्ही बघत होता. त्याला मी ते सगळं परत पहिल्यापासून सांगितलं. तो म्हणाला, मग डॉक्टर काय खोटं बोलत होते काय?

तिसऱ्या दिवशी सरांना विचारलं, सर, मग सुरुवातीलाच दुप्पट गोळी घेतली तर? मुक्काम दुप्पट लांब जाईल, पण त्याचं निम्मं म्हणजेच मला हवी ती पातळी, आणि निम्म्याला लागतो एकच आठवडा. सहा आठवड्यांचं काम एका आठवड्यात. माझा मलाच अभिमान वाटला. निपाणीच्या मॅडम मागच्या बाकावरून म्हणाल्या, आणि छाती धडधडायला लागली की मग? सर मात्र खूश झाले. म्हणाले, घरी करू नका, पण पेशी नेमकं हेच करते. घाई असेल तर ती सुरुवातीला भरपूर बनवते, आणि हवी तेवढी पातळी आली की ते प्रथिन स्वतःच स्वतःच्या जनुकावर जाऊन बसतं आणि उत्पादन दाबतं. ई. कोलाय जीवाणूतल्या माहीत असलेल्या नियंत्रक प्रथिनांपैकी सुमारे ४० टक्के असं स्वतःला आवरतात. असं केल्यानं वेग वाढतो हे उरी अलोन आणि सहकाऱ्यांनी २००२ साली प्रयोगानं दाखवलं. पेशीच्या मानानं घाई म्हणजे किती, तेही सांगते. ई. कोलायमधली पुष्कळ प्रथिनं मोडत नाहीत, पेशी दुभागली की नुसती वाटणी होते. म्हणजे निम्म्याला पोचायला एक पिढी. अन्नाची चंगळ असेल तर वीस मिनिटं, नाहीतर तास.

आता त्या चौतिसाच्या भांडणाबद्दल. चौतिसाचा दहावा भाग तीन पूर्णांक चार. चिंचोका तोडायचा काय? मी म्हणत होते तीन काढू, जोडीदार म्हणत होता एकदा तीन, एकदा चार. शेजारच्या जोडीनं तर नाणं उडवायला सुरुवात केली होती. सर्वांचे वाडगे शंभराच्या आसपास आले, पण कुणाचा पंच्याण्णव, कुणाचा एकशे चार, आणि पुढं खालीवर होत राहिले. मला वाटलं, आमचा धसमुसळेपणा. सरांनी सांगितलं, पेशीत हेच चालतं. पेशीकडंही अर्धा रेणू नसतो. लॅक ऑपेरॉन बंद ठेवणारं ते आय जनुकाचं प्रथिन, त्याचे रेणू एका पेशीत असतात साधारण दहा. दहा! मी फळ्यावर त्याचा एक गोल काढत होते आणि माझ्या डोळ्यांपुढं असे लाखो गोल असायचे. दहामधला एक सुटला तर काय होईल ते समीकरणाला कळत नाही, त्याला नाणंच उडवावं लागतं. एकाच आईच्या दोन पेशी, तीच जनुकं, तेच दूध-साखर, तरी दोघींचं वागणं वेगळं.

इथून गाडी लॅक ऑपेरॉनवर आली. फ्रान्स्वा जाकोब आणि जाक मोनो यांचा १९६१चा शोधनिबंध, १९६५चं नोबेल, हे मला तोंडपाठ. सरांनी एकच प्रश्न विचारला. लॅक्टोज पेशीत आलं की ऑपेरॉन चालू होतं. लॅक्टोज आत आणतं परमिएज नावाचं प्रथिन. परमिएज बनतं ऑपेरॉन चालू झाल्यावर. मग पहिलं लॅक्टोज आत कसं आलं?

आमच्या पुस्तकात याचं उत्तर एका ओळीत आहे: ऑपेरॉन कायम थोडंसं चालू असतंच. ती ओळ मी वर्षानुवर्षं वाचून दाखवली आहे, पोरांनी खाली रेघ मारली आहे. पण त्या ओळीच्या पोटात काय आहे ते बघितलं नव्हतं. थोडं परमिएज, त्यानं थोडं लॅक्टोज आत, त्यानं आणखी परमिएज, त्यानं आणखी लॅक्टोज. हा चढता भोवरा आहे. एकदा लागला की पेशी पुरती चालू, नाही लागला तर पुरती बंद, मधे उभं राहायला जागा नाही. आरन नोविक आणि मिल्टन वायनर यांनी १९५७ सालीच हे पाहिलं होतं, म्हणजे जाकोब-मोनोंच्या निबंधाच्याही आधी. पेशीला पचत नाही असा लॅक्टोजसारखा पदार्थ त्यांनी बेताबेतानं दिला. चंबूत मोजलं तर उत्पादन अर्धवट. पण प्रत्येक पेशी अर्धवट नव्हती. काही पेशी पूर्ण चालू होत्या, बाकीच्या पूर्ण बंद. सरासरी खरी होती, आणि त्या सरासरीसारखी पेशी चंबूत एकही नव्हती. वर्गाचा सरासरी निकाल साठ टक्के म्हणून मिरवणाऱ्या आम्हा लेक्चरर लोकांना हे बरोबर लागलं. निम्मी पोरं नव्वदची, निम्मी तिशीची.

सहावा दिवस वाया गेला. बाहेरून आलेल्या एका वक्त्यांनी स्लाइड वाचून दाखवल्या. प्रत्येक स्लाइडवर हजारो ठिपके आणि हजारो रेषा, विंचरलेल्या केसांचा गुंता कंगव्यातून काढून चिकटवावा तसं. ही पेशी, म्हणाले. असेल. त्या चित्राला विचारायला मला एकही प्रश्न सुचला नाही. त्यापेक्षा एकच गोष्ट लक्षात राहिली. मायकोप्लाझ्मा जेनिटॅलियम नावाचा ५२५ जनुकांचा अगदी लहान जीवाणू आहे, त्याची अख्खी पेशी २०१२ साली संगणकात उभी केली गेली, अठ्ठावीस वेगवेगळे तुकडे जोडून. एवढ्याशा जिवाला अठ्ठावीस तुकडे. दुपारनंतर वीजही गेली, तेवढाच पंख्याचा आवाज थांबला.

मधल्या रविवारी माहेरी गेले. बाबांची खानापूरकडंच भाताची शेती आहे. अंगणात बसून मी त्यांना साखळीचा एक प्रकार समजावत होते. त्याला फीड-फॉरवर्ड लूप म्हणतात. एक हुकूम दोन वाटांनी जातो, एक वाट थेट आणि एक वळणानं, आणि दोन्हीकडून हुकूम पोचल्याशिवाय काम सुरू होत नाही. ई. कोलायमध्ये अरॅबिनोज साखरेचं असंच आहे. खूण मिळाल्यावर वीसेक मिनिटं उशीर होतो, पण खूण गेली की काम लगेच थांबतं. चुकून आलेल्या खुणेला पेशी फसत नाही. उदाहरण म्हणून मी पाऊस घेतला. वळीव पडला म्हणून कुणी पेरत नाही. पाऊस पडतो आहे, आणि आधीच्या पावसानं जमीनही भिजली आहे, अशा दोन्ही गोष्टी झाल्या की पेरणी. एका वळवानं जमीन भिजत नाही म्हणून आपण फसत नाही. वर्गात हे सांगितलं होतं तेव्हा सर 'हौदु, हौदु', म्हणजे 'होय, होय', म्हणाले होते.

बाबा म्हणाले, "आम्ही कवा थांबलाव पावसाला? मे संपायच्या आत धूळवाफ टाकून मोकळं हुतो." खरंच की. आमच्याकडं भात कोरड्या मातीतच पेरतात, पाऊस यायच्या आधी. माझा लूप तिथंच आडवा झाला. मी सावरून म्हटलं, मग तुम्हाला खूण पावसाची नाही, पंचांगाची आहे. बाबा म्हणाले, "आणि तुज्या जंतूला पंचांग कळतंय काय?" याचं उत्तर मला सोमवारी सरांकडून हवं होतं. सर म्हणाले, काही जिवांना कळतं, पण त्याला घड्याळ लागतं. आणि त्या दिवसाचा विषय घड्याळच होता.

हा विषय मला सगळ्यात आवडला आणि सगळ्यात जास्त रडवलं तेही यानंच. २००० साली मायकल एलोविट्झ आणि स्टानिस्लास लायबलर यांनी ई. कोलायमध्ये तीन जनुकं घातली. पहिलं दुसऱ्याला दाबतं, दुसरं तिसऱ्याला, तिसरं परत पहिल्याला. खाणावळीत जेवताना एका मुलीनं याचं भाषांतर केलं: तीन जावा. थोरली मधलीला दाबते, मधली धाकटीला, आणि धाकटी सासूची लाडकी म्हणून थोरलीला. घरात शांतता कधीच नाही, पण कुणाचंच राज्यही कायमचं नाही. त्या जीवाणूंत चौथं चमकणारं प्रथिन जोडलं होतं, ते साधारण दीडशे मिनिटांच्या फेऱ्यानं उजळत आणि विझत राहिलं. तेवढ्यात पेशी दोन-तीनदा दुभागते, तरी घड्याळ लेकींकडं चालू राहतं. सगळ्याच पेशींत नाही, निम्म्याहून कमी पेशींत.

हे आम्हाला कोपासी नावाच्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर करून बघायचं होतं. माझ्या तीन रेषा एकदा उसळल्या, लहान होत गेल्या आणि सरळ झाल्या. जावा समजुतीनं राहायला लागल्या. मी भर वाढवली, कमी केली, सुरुवातीचे आकडे बदलले. मग लक्षात आलं की सॉफ्टवेअरमध्ये वेळ सेकंदात धरलेली आणि मी मिनिटं समजून आकडे भरत होते. ते दुरुस्त केलं तरी रेषा सरळच. भर दहा होती, तिन्ही रेषा बरोबर दोनवर येऊन बसत होत्या. जोडीदारानं कागदावर हिशेब केला: दोन गुणिले, एक अधिक दोनचा वर्ग, बरोबर दहा. "अक्का, सॉफ्टवेअर बरोबर आहे. तुमच्या जावाच मवाळ आहेत."

दोष होता तो घातांकात. दाबणारं प्रथिन किती एकजुटीनं बसतं, त्याचा तो आकडा. एकेकटे रेणू येऊन बसत असतील तर एक. दोघंतिघं मिळून बसले तरच दाब पडत असेल तर मोठा. माझ्याकडं दोन होता. एक ठेवला तर कितीही जोर लावा, हेलकावा टिकत नाही. दोनला येतो आणि मरतो. मी तीन टाकला, बटण दाबलं, आणि तिन्ही रेषा एकामागून एक वर-खाली व्हायला लागल्या आणि थांबल्याच नाहीत. मी खुर्चीतून उठलेच. दातांचे डॉक्टर बघायला आले. वाटलं होतं घड्याळासाठी नवीन काही भाग लागेल. भाग तेच, तीनच, फक्त दाबण्याची धार वाढली.

शेवटच्या दिवशी प्रत्येकाला पाच मिनिटं बोलायचं होतं. मी माझी गोळी मांडली. एक दिवस गोळी चुकली तर पातळी नऊ-दहा टक्क्यांनीच उतरते, कारण दिवसाला जातंच तेवढं. दोन-तीन तासांत निम्मं जाणाऱ्या औषधाची गोष्ट वेगळी. गोळी चुकवा असं माझं म्हणणं नव्हतं, तरी निपाणीच्या मॅडमनी तसा जाहीर खुलासा करायला लावला. मार्क बरे पडले. सर्टिफिकेटवर माझ्या आडनावाचं स्पेलिंग चुकलं होतं, ते दुरुस्त होऊन यायला जुलै उजाडला.

जूनमध्ये कॉलेज सुरू झाल्यावर आईकडं चिंचोके मागितले. "कशाला गं, खळ करायची हाय काय?" म्हणत तिनं डबाभर दिले. लॅक ऑपेरॉनच्या आधी एक तास काढून मी दुसऱ्या वर्षाच्या पोरांना वाडगे वाटले. आमच्या वेळापत्रकात असल्या गोष्टींना तास नसतो. पलीकडच्या वर्गातून निरोप आला की आवाज होतोय. दहा, एकोणीस, सत्तावीस असं मागच्या बाकांपर्यंत ऐकू येत होतं. मग चौतीस आला आणि खिडकीकडच्या रांगेत दोन पोरी हातघाईवर आल्या.

"तीन काढायचे."

"नाही, चार. पॉइंट फोर कुठं जाईल मग?"

एकीनं माझ्याकडं बघितलं. मी पाकिटातून एक रुपया काढून त्यांच्या बाकावर ठेवला.